बॉल, दरबार आणि मानपान

‘बॉल’ म्हटले की आमच्याकडे बहुतेकांच्या डोळ्यांपुढे चेंडू येतो. पण इंग्रजीत चेंडूचा बॉल निराळा आणि नाचाचा बॉल निराळा. हा दुसरा शब्द फ्रेंचांकडून आलेला असून त्याचे मूळ ‘नाचणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदात आहे. बॅले हा शब्दही त्याच कुळातला. जमीनदाराच्या खेड्यातल्या मोठ्या वाड्यात निमंत्रित स्त्रीपुरुषांनी जमावे, रात्रभर ठरलेल्या रीतीने नाचावे, जेवावे आणि पहाटे आपापल्या गाडीत बसून घरी जावे, हा इंग्रजांचा बॉल. इंग्रजी कादंबऱ्या वाचणाऱ्यांस आणि इंग्रजी चित्रपट पाहणाऱ्यांस तो ओळखीचा असतो. परंतु झुंबरे, झगे आणि वाद्यवृंद यांपलीकडे तेथे काय चालत असे, त्या रीती कशासाठी होत्या आणि आपल्या रीतींशी त्यांचे नाते काय, याचा विचार फारसा होत नाही. तो येथे करावा असा आमचा हेतू आहे.

श्रीवर्धनासारख्या गावी हा विषय कशाला, असे कोणी विचारील. त्याला उत्तर असे की, मराठी माणसाने इंग्रजाला ज्या सर्वांत भारी दिवाणखान्यात बसवून घेतले, त्या दिवाणखान्याचे मूळ या गावात आहे. बाळाजी विश्वनाथ भट हे श्रीवर्धनचे. भट घराण्याकडे येथली देशमुखी होती. जंजिऱ्याच्या सिद्दीशी बिनसल्यामुळे बाळाजीपंत घाटावर गेले आणि १७१३ मध्ये शाहू छत्रपतींनी त्यांस पेशवेपद दिले. त्यांच्या वंशजांनी पुण्यास जो दरबार भरविला, त्याच्या शिष्टाचाराची दखल इंग्रजांना घ्यावी लागली. गंमत अशी की खुद्द श्रीवर्धन १९४८ पर्यंत जंजिरा संस्थानातच राहिले. गावचा माणूस राज्याचा कारभारी झाला, पण गाव नवाबाचेच राहिले. दुसरी गोष्ट, दरबार ज्या वस्तूने संपत असे तो पानाचा विडा, आणि विडा म्हटला की सुपारी आली. श्रीवर्धनच्या वाड्यांतील रोठा सुपारीची ओळख येथील माणसास करून द्यावी असे नाही. तेव्हा बॉल आणि दरबार हे दोन समारंभ शेजारी शेजारी ठेवून पाहण्यास ही जागा अगदी योग्य आहे.

इंग्रज जमीनदाराचा वाडा

बॉल समजून घ्यावयाचा तर आधी तो वाडा समजला पाहिजे. इंग्लंडात शेकडो वर्षे प्रतिष्ठा जमिनीवर मोजली जाई. हजारो एकर जमीन एका घराण्याकडे असावयाची, ती कुळांनी कसावयाची आणि मध्यभागी धन्याचा वाडा असावयाचा. घराण्याची इस्टेट तुटू नये म्हणून ती थोरल्या मुलाकडे जाई. धाकट्यांनी सैन्यात, चर्चमध्ये, वकिलीत किंवा ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत आपले नशीब काढावे. आमच्याकडे भाऊबंदकीने वाटण्या झाल्या, तिकडे थोरल्याच्या हक्काने वाडे टिकले. कंपनीच्या नोकरीत पैसा मिळवून परत गेलेले लोकही असे वाडे विकत घेत, कारण नुसता पैसा असून भागत नसे. वाडा घेतला म्हणजे मनुष्य त्या परगण्यातला झाला, असे समजत.

पार्लमेंटची बैठक चालू असेपर्यंत ही मंडळी लंडनात राहात. उन्हाळा सरला की आपापल्या वाड्यांवर जात. तेथे शरद आणि हिवाळा हे शिकारीचे व पाहुण्यांचे दिवस. पाचसहा कोसांच्या टापूत अशी दहाबारा घरे असावयाची. एरवी पावसाने आणि चिखलाने एकमेकांपासून तुटलेली ही घरे बॉलच्या निमित्ताने एका छपराखाली येत. थोरला मुलगा वयात आला, नवी सून घरी आली, शिकारीचा मोसम सुरू झाला, अशी निमित्ते असत.

या समारंभाची तारीख पुष्कळदा पंचांग पाहून ठरवीत, हे ऐकून आपल्याकडील मंडळींस आश्चर्य वाटेल. अर्थात मुहूर्तासाठी नव्हे. रस्त्यावर दिवे नाहीत, घोडागाडीने पाचसहा कोस परत जावयाचे, तेव्हा पौर्णिमेच्या आसपासची रात्र धरली म्हणजे चांदण्यात गाडी हाकता येई. समारंभाचा थाट कितीही मोठा असो, तो शेवटी गाडीवानाच्या डोळ्यांवर अवलंबून होता.

बॉलची रात्र

निमंत्रण काही आठवडे आधी जाई आणि त्याचे उत्तर लेखी द्यावे लागे. आपल्या इंग्रजी लग्नपत्रिकांच्या तळाशी ‘आर. एस. व्ही. पी.’ ही जी अक्षरे दिसतात ती ‘कृपया उत्तर द्यावे’ या अर्थाची फ्रेंच अक्षरे असून या शिष्टाचारातूनच आपल्याकडे आली आहेत. फरक इतकाच की, तिकडे उत्तर दिल्यावाचून जाता येत नसे; आपल्याकडे ती अक्षरे छापणाराही उत्तराची वाट पाहात नाही.

रात्री पाहुणे येत. यजमानीण जिन्याच्या माथ्याशी किंवा दालनाच्या दाराशी उभी राहून प्रत्येकाचे स्वागत करी. आत मेणबत्त्यांचा लखलखाट असे. मधमाशांच्या मेणाच्या बत्त्या महाग. गरिबाच्या घरी चरबीची वात जळे व तिचा वास येई. म्हणून किती झुंबरे पेटली आहेत यावरून यजमानाची ऐपत कळत असे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जमिनीवर रंगीत खडूने वेलबुट्टी काढण्याची चाल होती. शोभा तर येईच, पण गुळगुळीत लाकडी जमिनीवर पाय घसरत नसत. रात्रभराच्या नाचाने ती रांगोळी पुसून जाई.

आता नियम पाहू. ओळख करून दिल्यावाचून पुरुषाने स्त्रीला नाचावयास विचारावयाचे नाही. ओळख यजमानीण किंवा दोघांच्या परिचयाचे कोणी वडीलधारे माणूस करून देई. अविवाहित मुलीबरोबर आई, मावशी, आत्या अशी कोणी प्रौढ स्त्री असलीच पाहिजे. ती भिंतीशी खुर्ची घेऊन बसे आणि तिची नजर सारी रात्र फिरत असे. एकाच जोडीदाराबरोबर दोनांहून अधिक नाच केले तर दुसऱ्या दिवशी परगणाभर बोलवा होई. मुलीने एकाला नकार दिला तर मग त्या नाचापुरते तिने दुसऱ्या कोणाबरोबरही नाचू नये, असा दंडक होता. नाहीतर पहिल्याचा अपमान होई. पुढे एकोणिसाव्या शतकात मुलींच्या मनगटाला एक छोटी वही व पेन्सिल बांधलेली असे. तीत नाचांची यादी छापलेली असून प्रत्येक नाचापुढे जोडीदाराचे नाव लिहीत. ज्या मुलीची वही रिकामी राही तिचे दुःख काय असेल, हे आपल्याकडे ‘दाखवून’ घेतलेल्या आणि नापसंत झालेल्या मुलीला विचारावे.

नाचांतही क्रम असे. अठराव्या शतकात आधी मिन्युएट, म्हणजे सर्वांच्या देखत एकेका जोडीने करावयाचा संथ नाच. त्यानंतर ‘कंट्री डान्स’. यात स्त्रिया एका ओळीत, पुरुष दुसऱ्या ओळीत समोरासमोर उभे राहात आणि पहिली जोडी नाचत नाचत खाली सरके. पहिल्या जोडीचा मान कोणाला द्यावयाचा यावरून रुसवेफुगवे होत. नवविवाहितेला तो मान पुष्कळदा मिळे. १८१५ च्या सुमारास चार जोड्यांनी चौकोनात करावयाचा क्वाड्रिल हा नाच लंडनात आला. १८१६ मध्ये युवराजांच्या बॉलमध्ये वॉल्ट्झ झाला, तेव्हा ‘टाइम्स’ पत्राने अब्रह्मण्यम् असा आक्रोश केला. त्यात पुरुषाचा हात स्त्रीच्या कमरेभोवती असे. समाज इंग्रजांचा असो की आपला, नवी चाल आली की संस्कृती बुडाल्याची हाकाटी सर्वत्र सारखीच होते.

मध्यरात्री जेवण. नंतर पुन्हा नाच, आणि पहाटे गाड्या दाराशी लागत.

हे सगळे कशासाठी? करमणूक होतीच. पण मुख्य गरज लग्नाची होती. ज्या समाजात मुलामुलींनी एकमेकांस पसंत करावे अशी अपेक्षा, पण एकांतात बोलण्यास बंदी, त्या समाजाला चारचौघांच्या देखत दोन माणसांना अर्धा तास बोलू देणारी एखादी सोय लागते. नाच ही ती सोय होती. आपल्याकडे स्थळ सुचविणारे मध्यस्थ, पत्रिका आणि कांदेपोह्यांची बशी जे काम करीत, तेच काम तेथे ओळख करून देणारी यजमानीण, भिंतीशी बसलेली मावशी आणि नाचाची वही करीत असत. एवढे लक्षात घेतले म्हणजे ते सारे नियम, जे वरवर नुसते चोचले वाटतात, अर्थपूर्ण दिसू लागतात. जातकुळी, पैसा आणि इस्टेट यांची चाळणी निमंत्रणाच्या वेळीच झालेली असे. आत आलेल्यांना स्वातंत्र्य होते, परंतु आत कोण येणार हे आधीच ठरलेले होते.

शनिवारवाड्यातील दिवाणखाना

आता तिकडून शनिवारवाड्याकडे वळू. नानासाहेब पेशव्यांनी १७५५ च्या सुमारास तेथे गणेश रंगमहाल बांधला. गणेशोत्सवात तेथे गाणे व नाच होई आणि मोठे दरबारही तेथेच भरत. दरबाराची मुख्य भाषा शब्दांची नव्हे, जागेची असे. गादीपासून कोण किती हातांवर बसतो, कोणाला सामोरे जावयाचे आणि कोठपर्यंत, कोण आला असता उठून उभे राहावयाचे, कोणाला स्वहस्ते विडा द्यावयाचा आणि कोणाला कारकुनाकरवी, यांतून राज्यातील प्रत्येकाचे वजन सर्वांस कळे. भेट संपविताना ‘आता या’ असे म्हणण्याची गरज नसे. अत्तर, गुलाब आणि विडे आले, की पाहुण्याने निरोप समजावयाचा. आपल्या सुपारीने राजकारणातले एक अवघड वाक्य उच्चारण्याचे काम अशा रीतीने कितीतरी वर्षे केले आहे.

व्यवस्थेच्या बारकाव्यात हे दरबार इंग्रजी वाड्यांहून तसूभरही मागे नव्हते. सवाई माधवरावांचे लग्न १७८३ मध्ये झाले, त्या वेळी नाना फडणिसांच्या कारभारात कामांची जी तपशीलवार याद झाली ती प्रसिद्ध आहे. कोणत्या पाहुण्याचा सत्कार कसा करावा, पंगतीची व्यवस्था कशी ठेवावी, याचा तीत बारकाईने विचार केलेला आहे.

१७८६ मध्ये चार्ल्स वॉर मॅलेट हा इंग्रजांचा वकील पुण्यास आला. टिपूविरुद्ध मराठे, निजाम आणि इंग्रज यांचा जो तह १७९० मध्ये झाला, त्याच्या प्रसंगी मॅलेट पेशव्यांच्या दरबारात बसला होता. पादत्राणे बाहेर काढून बिछायतीवर बसणे ही दरबाराची रीत. तंग विजार घालणाऱ्या आणि खुर्चीची सवय असलेल्या माणसाला मांडी घालणे किती जड गेले असेल ते सांगावयास नको. या प्रसंगाचे भव्य चित्र मॅलेटने करविले. त्याचा मित्र जेम्स वेल्स हा चित्रकार पुण्यात राहून त्याची रेखाटने करीत होता; वेल्स १७९५ मध्ये वारला आणि पुढे टॉमस डॅनियल याने त्या रेखाटनांवरून चित्र पुरे केले. १८०५ मध्ये ते लंडनच्या रॉयल अकॅडमीत मांडले गेले. सोळा वर्षांचे सवाई माधवराव, म्हणजे श्रीवर्धनच्या बाळाजीपंतांचे खापरपणतू, गादीवर आहेत, जवळ नाना फडणीस आहेत आणि बिछायतीवर बसलेले इंग्रज आहेत.

मॅलेट १७९७ मध्ये पुण्याहून गेला आणि पुढे विल्टशर परगण्यातील विल्बरी हाउस या वाड्याचा धनी झाला. पुण्याच्या दरबारात मांडी घालून बसलेला माणूस शेवटी इंग्लंडातल्या वाड्याचा यजमान झाला. त्या वाड्यात बॉलसाठी जमणाऱ्यांपैकी किती जणांना आपल्या यजमानाने एका सोळा वर्षांच्या मुलापुढे जोडे काढले होते, हे ठाऊक असेल? शनिवारवाडा १८२८ च्या आगीत जळाला. आज तेथे तट, दरवाजे, जोती आणि कारंजी आहेत. गणेश रंगमहाल ज्यास डोळ्यांनी पाहावयाचा आहे त्याने लंडनच्या टेट संग्रहालयाकडील ते चित्र पाहावे.

एकमेकांचे गैरसमज

दोन्ही समारंभांत एक मोठा फरक होता आणि त्यावरून पुष्कळ गैरसमज झाले. दरबारात पाहुणा बसतो आणि कलावंतीण नाचते. बॉलमध्ये पाहुणा स्वतः नाचतो. म्हणून हिंदुस्थानात इंग्रजांचे बॉल प्रथम पाहणाऱ्या आमच्या लोकांस प्रश्न पडे की, एवढे पैसेवाले साहेब, यांनी नाचावयास माणसे का ठेवू नयेत? आणि आपल्या बायकांना दुसऱ्याच्या हाती का द्यावे? उलट इंग्रजांस वाटे की, घरच्या स्त्रिया चिकाच्या पडद्याआड आणि दिवाणखान्यात पैशाने आणलेली नाचणारी, ही कसली सभ्यता? दोघेही एकमेकांस असभ्य ठरवून मोकळे झाले. आपल्या समारंभाची गरज एक आणि दुसऱ्याच्या समारंभाची गरज दुसरी, एवढे कोणी पाहिले नाही.

शिवाय ‘आपल्यात स्वतः नाचत नाहीत’ हे म्हणणे दिवाणखान्यापुरतेच खरे. कोकणात गणपतीत बाल्या नाचतात, गौरी जागविताना बायका फेर धरतात, कोळीवाड्यात स्त्रीपुरुष दोघेही नाचतात. तेथे कोणी कलावंतीण बोलावीत नाही. इंग्रजांचा कंट्री डान्ससुद्धा मूळचा खेड्यापाड्यांतला. सतराव्या शतकात जॉन प्लेफर्डने १६५१ मध्ये त्याचे पुस्तक छापले आणि हळूहळू अमीरउमरावांच्या दालनांत तो नाच सभ्य ठरला. आमच्याकडे जाखडीला दिवाणखान्यात कधी जागा मिळाली नाही. म्हणजे खरी भिंत पूर्व आणि पश्चिम यांच्यामध्ये नव्हती. ती वाडा आणि वाडी यांच्यामध्ये होती, आणि तिकडे त्या भिंतीला एक खिडकी पडली इतकेच.

इंग्रजी वाड्यांत आणखी एक चाल होती. नाताळाच्या सुमारास वर्षातून एकदा नोकरांचा बॉल होई. त्यात पहिला नाच वाड्याचा धनी घरची व्यवस्था पाहणाऱ्या बाईबरोबर करी आणि धनीण मुख्य बटलरबरोबर. त्यानंतर धनी मंडळी निघून जात, कारण ती असेपर्यंत नोकरांना मोकळेपणी नाचता येत नसे. चाल चांगली होती. पण एका रात्रीची समता दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या तबकाबरोबर संपत असे, हेही खरे.

रीत केव्हा शस्त्र होते

रीत पाहुण्याच्या सोयीसाठी जन्माला येते. अनोळखी घरात कोठे उभे राहावे, कोणाशी आधी बोलावे, केव्हा निघावे, हे त्याला कळावे आणि त्याचा संकोच जावा म्हणून ती असते. पण तीच रीत पुढे कोणाला कोठे उभे करावयाचे हे ठरवू लागते. मग तिचे शस्त्र होते. मराठ्यांच्या इतिहासात याची उदाहरणे ठळक आहेत.

महादजी शिंदे १७९२ मध्ये पुण्यास आले. उत्तरेत बादशहाला मुठीत ठेवणारा हा सरदार पेशव्यांच्या भेटीस पायी आला, सर्वांच्या खाली बसला आणि काखेतल्या गाठोड्यातून नवे जोडे काढून पेशव्यांपुढे ठेवले, आपल्या वडिलांचे हेच काम होते असे म्हणाला, असे ग्रँट डफ सांगतो. नम्रतेचे एवढे प्रदर्शन करणाऱ्याकडे केवढी सत्ता आहे, हे सर्व दरबारास त्याच वेळी कळून चुकले. रीतीपेक्षा अधिक रीत पाळणे हाही एक डाव असतो.

बाजीराव दुसरे १८१८ नंतर ब्रह्मावर्तास गेले. त्यांचे दत्तक पुत्र नानासाहेब हे मूळचे कर्जतजवळच्या वेणगावचे, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातले. १८५१ मध्ये बाजीराव वारल्यावर त्यांचे आठ लाखांचे वर्षासन सरकारने नानासाहेबांस नाकारले. तरी नानासाहेब कानपूरच्या इंग्रज अधिकाऱ्यांस ब्रह्मावर्ताच्या वाड्यात मेजवान्या देत, आदरातिथ्य करीत. परंतु त्यांनी स्वतः कानपूरच्या छावणीत उलट पाहुणचार घेतला नाही, कारण त्यांना तोफांची सलामी मिळत नसे; असे त्या काळच्या इंग्रजांनीच नोंदले आहे. गोरे पाहुणे जेवत होते, नाचत होते आणि यजमानाच्या मनात काय आहे ते त्यांना दिसत नव्हते. १८५७ मध्ये कानपुरात जे रक्त सांडले त्याची कारणे अनेक आहेत. पण ज्याच्या घरी आपण जेवतो त्याला आपण काय मानतो, हा प्रश्न त्या पाहुण्यांनी वेळीच स्वतःला विचारला नाही हे निश्चित.

पुढे इंग्रजी अमलात समारंभाला जाणे हाच प्रश्न झाला. १८७७ च्या दिल्ली दरबारास पुण्याच्या सार्वजनिक सभेतर्फे गणेश वासुदेव जोशी गेले ते हातकताईच्या खादीचे कपडे घालून. १८८८ मध्ये पुण्यास हरी रावजी चिपळूणकर यांनी ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ मेजवानी दिली. दागिने आणि उंची वस्त्रे ल्यालेल्या त्या मंडळींत जोतीराव फुले शेतकऱ्याच्या वेषात आले आणि राणीची खरी प्रजा हे लोक नव्हेत, ती खेड्यापाड्यांत आहे, तिच्या शिक्षणाचे पाहा, असे त्यांनी राजपुत्रास सुनावले. जोतीरावांनी निमंत्रण नाकारले नाही, यजमानाचा अपमान केला नाही. ज्यांना कोणी बोलावले नव्हते त्यांचे कपडे अंगावर घालून ते गेले, आणि न बोलावलेले त्या दालनात हजर झाले. समारंभाला कसे जावे याचा याहून मोठा धडा आम्हांस माहीत नाही.

१९११ च्या दिल्ली दरबारात सयाजीराव गायकवाडांचा प्रसंग घडला. संस्थानिकांनी बादशहापुढे तीनदा वाकून, पाठ न दाखविता मागे सरकावे, असे ठरले होते. सयाजीरावांनी एकदाच मान लवविली आणि वळून ते चालू लागले. विलायतेत त्यावरून वादळ उठले, सयाजीरावांस खुलासा करावा लागला. दोन वेळा वाकावयाचे राहिले म्हणून साम्राज्य हादरले! रीत एवढी जड झाली की समजावे, तिच्या खाली सत्तेला स्वतःचीच भीती वाटू लागली आहे.

आज कोणी बॉलला गेला तर

इंग्रज जमीनदारांचे ते दिवस आता सरले. वारसा कर, महायुद्धे आणि नोकरांची टंचाई यांमुळे विसाव्या शतकात शेकडो वाडे पाडले गेले. काही वाडे नॅशनल ट्रस्ट या संस्थेने १९३७ पासूनच्या योजनेनुसार सांभाळले. डर्बीशरमधील चॅट्सवर्थसारखे काही वाडे तिकीट लावून लोकांस खुले झाले. आता तेथे कोणीही जाऊ शकतो. बाथ शहरात २००१ पासून जेन ऑस्टिनच्या नावाने उत्सव भरतो. त्यात लोक त्या काळचे पोशाख करून त्या काळचे नाच नाचतात. पूर्वी कुळशील पाहून मिळणारा प्रवेश आता तिकिटाने मिळतो.

आपली मुले आज विलायतेत शिकावयास आणि नोकरीस असतात. त्यांपैकी कोणाला अशा समारंभास जाण्याचा योग आला तर भिण्याचे कारण नाही. निमंत्रणावर पोशाखाची ओळ असते ती वाचावी. ‘व्हाइट टाय’ म्हणजे मागे शेपटे असलेला काळा कोट व पांढरा बो. ‘ब्लॅक टाय’ म्हणजे त्याहून साधा काळा जाकीट. आपला बंदगळा कोट किंवा साडी सहसा सन्मानाने चालते. शंका असल्यास यजमानास आधी विचारावे. जुन्या नाचांच्या समारंभात पावले सांगणारा माणूस असतो आणि बहुधा आधी शिकवणीही होते. कंट्री डान्स ज्याने कधी टिपऱ्या खेळल्या आहेत त्याला जड जाणार नाही. चुकले तर हसावे आणि पुढच्या जोडीला वाट द्यावी. भिंतीशी कोणी एकटे बसले असेल तर त्याला किंवा तिला नाचावयास विचारावे. जुन्या नियमांपैकी हा एक नियम आजही सोन्यासारखा आहे.

शेवटी आपल्या दाराशी येऊ. बॉल गेला, दरबार गेला, पण मानपान राहिले. त्या शब्दातच मान आणि पान जोडीने आले आहेत. लग्नात व्याह्यांना कोणी सामोरे गेले नाही, आहेराचा क्रम चुकला, पंगतीत पहिले पान कोणाला, यांवरून आपल्याकडे माणसे वर्षानुवर्षे बोलत नाहीत. अत्तरदाणी आणि गुलाबदाणी दरबारातून उठून हळदीकुंकवाच्या तबकात आल्या. पण त्याच तबकाने विधवा स्त्रीला किती पिढ्या ओसरीच्या कोपऱ्यात बसविले, हे आठवून पाहावे. कित्येक घरांतून ही चाल आता मोडली आहे, कित्येकांतून मोडावयाची आहे.

तेव्हा रीती टाकून द्या असे आमचे म्हणणे नाही. रीत नसेल तर घरी आलेल्या परक्या माणसाला दारातच अवघडून उभे राहावे लागेल. विडा द्यावा, गुलाबपाणी शिंपडावे, सामोरे जावे. फक्त प्रत्येक समारंभाच्या आधी यजमानाने दोन याद्या कराव्यात. एक, ज्यांना बोलावले त्यांची. आणि दुसरी, ज्यांना बोलवावयाचे मनातच आले नाही त्यांची. पहिली यादी नाना फडणिसांइतक्या बारकाईने करणारे आपल्यात पुष्कळ आहेत. दुसरी यादी केली, तर पुढच्या वर्षीच्या मांडवात आणखी चार पाने वाढावी लागतील.